वीज आल्यानंतरची दोन मिनिटं

अकरा शब्द काढून टाकले तेव्हा दानम्माला भीती अशी वाटलीच नाही. उलट आपण काहीतरी मोठी युक्ती केली या आनंदात ती सोमवारी संध्याकाळी घरी गेली आणि आईनं केलेल्या दोन भाकऱ्या जास्त खाऊन झोपली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चन्नवीर प्रोसेस नावाचा कारखाना होता. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या मागवाल्यांचं सूत तिथं उकळून, धुऊन, रंगवून मिळायचं. सूत उकळायच्या बंद लोखंडी टाक्यांना कियर म्हणत. दोन पुरुष उंचीची टाकी, आत कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि वर वाफेचा दाब. आठ तास सूत शिजायचं, मग वाफ सोडायची, दाब शून्यावर आला की झाकणाचे आठ बोल्ट ढिले करून सूत बाहेर काढायचं. दाब असताना झाकण उघडलं तर ते उकळतं पाणी समोरच्याला ओळखू येईल असा ठेवत नसे.

कारखान्याच्या मालकांनी परदेशातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून एक जुना कॉम्प्युटर आणवला होता. दोन लोखंडी कपाटांएवढा. सन अठ्ठ्याहत्तरच्या सोलापुरात असलं यंत्र पाहायला लोक ओळख काढून यायचे. त्याचं काम एवढंच, की दर दोन मिनिटांनी प्रत्येक कियरचा दाब वाचायचा आणि कियरच्या डोक्यावरचा दिवा लावायचा. दाब असला तर लाल, नसला तर हिरवा. पूर्वी मुकादम कियरला लावलेला दाबाचा काटा बघून ठरवायचे. पण सोड्याच्या वाफेनं काट्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या, आणि दिवा आल्यापासून त्या पुसायची तसदी कुणी घेत नव्हतं.

दानम्मा बिराजदार त्या यंत्राची ऑपरेटर आणि प्रोग्रॅमर, दोन्ही. बी.एस्सी. झालेली, मुंबईला सहा महिने शिकून आलेली, चोवीस वर्षांची. यंत्रात सगळ्याच्या तळाशी एक मूळ प्रोग्रॅम चालायचा, त्याला मॉनिटर म्हणत. बाकीचे प्रोग्रॅम आकडे मोजायचे. तारांशी, कार्डांशी, दिव्यांशी थेट बोलायचं काम मॉनिटरचं. तो लिहिला होता तिच्या आधीच्या माणसानं. श्रीमंत नाव त्याचं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तो जेऊरला गावी निघून गेला होता. दानम्मानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या कागदांवरच ती शिकली होती. यंत्र म्हातारं, खोडील. आणि श्रीमंतनं त्याची एकेक खोड ओळखून मॉनिटरमध्ये तिच्यावर तोड काढून ठेवलेली. प्रत्येक तोडीशेजारी पेन्सिलीनं सुवाच्य कारण. 'ही तार मुळात उलटी जोडलेली आहे, म्हणून इथे आकडा उलटा करून घ्यावा.' 'टेप वाचणारे यंत्र तापले की एक भोक चुकवते, म्हणून दोनदा वाचून ताडून पाहावे.' शेजारी बसून शिकवावं तसं लिहिलेलं.

फक्त एका ठिकाणी कारण नव्हतं. अकरा शब्दांचा एक तुकडा. यंत्राच्या भाषेत एकेका आज्ञेला शब्द म्हणत. वीज जाऊन परत आली की तो तुकडा सगळ्या कियरचा दाब तीनदा वाचायचा आणि वाचलेलं फेकून द्यायचा. काही ठेवायचा नाही, काही दाखवायचा नाही. शेजारी नुसती तारीख, २३ ऑगस्ट १९७५.

फेब्रुवारीत चौथा कियर बसला. मॅनेजरसाहेब म्हणाले, एक मार्चपर्यंत त्याच्यावर दिवा पाहिजे, मालक बघायला येणारेत. यंत्राची स्मरणशक्ती सगळी मिळून चार हजार शब्दांची, आणि ती काठोकाठ भरलेली. दानम्मानं आठ दिवस डोकेफोड केली. शेवटी तिला ते अकरा शब्द दिसले. वाचायचं आणि फेकायचं! सुरुवातीला तपासणीसाठी घातले असतील आणि काढायचे राहिले असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. सोमवारी ते काढले, त्या जागी चौथ्या कियरच्या आज्ञा बसवल्या. चौथा दिवा लागला. मुकादम महादेवप्पानं यंत्राला हळदकुंकू वाहिलं.

"अक्का, तुझ्या हाताला गुण आहे बघ," तो म्हणाला. महादेवप्पा तिच्या आईच्या गावचा, अक्कलकोटकडचा. ती त्याला मामा म्हणायची.

मंगळवार, बुधवार सगळं सुरळीत चाललं. गुरुवारी दानम्मानं रजा काढली होती. थोरली बहीण नागव्वा जेऊरला दिलेली, तिच्या बाळाला बघायला जायचं होतं. आणि मनात आणखी एक होतं. श्रीमंतला भेटायचं आणि सांगायचं, की तुमच्या चार हजारांत मी चौथा कियर बसवला.

बाळाला बघून ती तिकडं निघाली. गाव सोडून मैलभर गेलं की श्रीमंतचं घर. मेंढरांचा वाडा, पुढं ज्वारीचा कडबा रचलेला, दारात उघडून ठेवलेली पाण्याची मोटार. मोटारीपाशी उकिडवा बसलेला माणूस उठला. तिशीचा असेल, पण केस पांढरे व्हायला लागलेले.

"चन्नवीरमधून आले मी. तुमच्या जागेवर आहे."

त्यानं फडक्याला हात पुसले. मग त्याची आई राजाबाई बाहेर आली. "आगं आत ये की पोरी. उनात काय हुबी," म्हणत तिनं घोंगडी टाकली, चहा ठेवला. दानम्मा बोलत राहिली. टेप रीडरची खोड, उलटी तार, सगळं तुमच्या अक्षरात वाचून शिकले म्हणाली. श्रीमंत हळूहळू मोकळा झाला, हसलासुद्धा.

"आणि आता चौथा कियर पण घेतलाय आपण. दिवा लागला सोमवारी."

"चौथा?" त्याच्या हातात चहाची बशी होती. "जागा कुठनं काढली?"

"अकरा शब्द रिकामे सापडले. वीज आल्यावर तीनदा वाचून फेकून देता ना तुम्ही, तो तुकडा. त्याला कारण काही दिलेलं नव्हतं, म्हणून..."

श्रीमंतनं बशी खाली ठेवली. चहा घोंगडीवर सांडला ते त्याला कळलं नाही.

"काढला?"

"हो."

"सोमवारपासनं वीज गेली का एकदा तरी?"

"नाही. आमच्या भागात कपात गुरुवारी..." असं म्हणतानाच तिला वार आठवला. "आज. दोन ते चार."

श्रीमंत उठून आत गेला आणि सदरा अंगात घालतच बाहेर आला. "चला. चालता चालता सांगतो."

त्यानं सांगितलं ते थोडक्यात होतं. दाब वाचणारं जे कार्ड होतं, म्हणजे यंत्रात खोचलेली तारांची पट्टी, त्यात मुळातच एक दोष होता. वीज गेली की त्यातला आकडा पुसला जायचा, आणि वीज परत आली की पहिल्या वाचनात कार्ड खरा दाब सांगायचंच नाही. शून्य सांगायचं. दुसऱ्या वाचनाला कधी खरं, कधी शून्य. तिसऱ्यानंतर ठीक. म्हणजे ते अकरा शब्द नसतील, तर वीज आल्या आल्या सगळ्या कियरवर हिरवे दिवे लागणार. आणि पुढचं वाचन होईपर्यंत निदान दोन मिनिटं ते हिरवेच राहणार.

"आत दाब असताना?"

"आत दाब असताना."

दानम्माच्या पायातली चप्पल मातीत रुतली, तिनं ती तशीच ओढली. डोक्यात आकडे आपोआप मांडले जायला लागले. दोन नंबर आणि तीन नंबर कियर सकाळी सहाला भरतात. आठ तास, म्हणजे बरोबर दोनला शिजून होणार. त्याच वेळी वीज जाणार. वाफ सोडायची झडप विजेवर चालते, म्हणजे वाफ आतच कोंडून राहणार. दोन तासांत दाब थोडा उतरेल, पण माणूस मारायला पुरेल एवढा राहील. आणि महादेवप्पा मामा आणि त्याची माणसं बोल्ट ढिले करायचे पाने हातात घेऊन दिव्याची वाट बघत बसणार. दोन तास वाया गेलेत म्हणून दिवा हिरवा झाला रे झाला की बोल्टला हात घालणार. दोन मिनिटांत किती बोल्ट ढिले होतात? तिनं पाहिलं होतं. सगळे होतात.

पोस्टात पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. अर्जंट ट्रंक कॉल लावला. पोस्टमास्तर म्हणाले, लाइन कुर्डुवाडीपर्यंत मिळते, पुढं सांगता येत नाही. दानम्मा बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. साडेबाराची पॅसेंजर. ती गेली तर पुढची गाडी संध्याकाळची.

बारा वाजून वीस मिनिटांनी घंटी वाजली. पलीकडं मॅनेजरसाहेबांचा आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"साहेब, दानम्मा बोलतेय. वीज आली की कियर उघडू देऊ नका. दिवा हिरवा दिसेल पण तो खोटा आहे. ऐकू येतंय का? दिवा खोटा आहे!"

"... दिवा? ... उद्या बोलू. रजा उद्यापर्यंत..."

"रजा नाही साहेब! कियर..."

खरखर झाली आणि लाइन गेली. पोस्टमास्तरांनी तीनदा दांडा आपटला. तिकडून गाडीची शिटी ऐकू आली.

"फोन लागला नाही लागला, आपण निघायचं," श्रीमंत म्हणाला. पोस्टमास्तरांना त्यानं सांगितलं, की लाइन मिळाली तर एवढंच सांगा, चार वाजता कुणी झाकणाला हात लावू नका. मग दोघं स्टेशनकडं पळाले.

डबा अर्धा रिकामा होता. बाहेर मार्चचं ऊन, काळी मोकळी शेतं. दानम्मा खिडकीपाशी बसली होती, पण तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यापुढं कियरखात्यातली मुक्ताबाई येत होती. ओल्या सुताच्या लडी डोक्यावरून नेणारी, कधी कुणाशी जास्त न बोलणारी. तिचा नवरा येडू त्याच खात्यात कामाला होता आणि दोन नंबरच्या कियरवर भाजून गेला होता, एवढं दानम्माला ठाऊक होतं. दिवा लाल असताना निष्काळजीपणानं झाकण उघडलं, असं सगळे सांगायचे.

"येडू कधी गेला?" तिनं एकदम विचारलं.

श्रीमंतनं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "भाजला एकोणीस ऑगस्टला. पंचाहत्तर."

तेवीस ऑगस्टच्या चार दिवस आधी. दानम्मानं पदर तोंडाला लावला.

"दिवा हिरवा होता," श्रीमंत म्हणाला. "त्या दिवशी पण कपात होती. वीज आली, दिवा हिरवा झाला, त्यानं झाकण उघडलं. दवाखान्यात दोन दिवस जिवंत होता. दोन दिवस हेच सांगत होता, दिवा हिरवा हुता, दिवा हिरवा हुता. मी रात्रंदिवस यंत्रापाशी बसून वीज घालव, वीज आण, असं करून बघितलं. तिसऱ्या दिवशी सापडलं. मॅनेजरकडं गेलो. ते म्हणाले, चौकशी झालीय, कामगाराची चूक असं लिहून गेलंय. आता यंत्राचा दोष काढलास तर यंत्र जाईल, तू जाशील, आणि चौकशी खोटी केली म्हणून मी पण जाईन. गुपचूप नीट कर. तसं मी केलं. अकरा शब्दांत झालं."

"आणि कारण लिहिलं नाहीत."

"लिहिलं असतं तर तो कबुलीजबाबच झाला असता की." तो आपल्या हातांकडं बघत होता. "नुसती तारीख टाकली. ती पण का टाकली कुणास ठाऊक. सहा महिने राहिलो, मग जमेना. मुक्ताबाई रोज लडी घेऊन समोरनं जायची."

दानम्माला त्याचा राग यायला हवा होता. पण राग यायला आत जागाच नव्हती. तिनंही कारण न शोधता तुकडा काढला होता. एक पोस्टकार्ड टाकून विचारलं असतं तरी चाललं असतं. आठ दिवसांत उत्तर आलं असतं.

कुर्डुवाडीला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. समोरच्या मालगाडीला वाट द्यायची होती. स्टेशनवरच्या घड्याळाचा मोठा काटा एकेक मिनिट उडी मारत होता. दानम्मानं स्टेशनमास्तरांना गाठलं. त्यांनी कारखान्याला फोन लावून बघितला, पण सोलापूरची लाइन व्यापलेली. दोन वाजून पाच मिनिटं झाली. आता तिकडं वीज गेली असणार. सगळे दिवे विझले असणार. महादेवप्पा मामानं तंबाखू मळायला घेतली असणार. आता फक्त वीज यायची राहिली होती, आणि दुपारच्या कपातीत वीज कधी कधी पाच-दहा मिनिटं आधीच येते हे तिला आठवलं. नळाखाली तोंड धुऊन ती परत डब्यात येऊन बसली. गाडी हलली तेव्हा तिनं फक्त त्याच्याकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा बघून तिला कळलं, की त्याची भीती तिच्याहून जुनी आहे.

सोलापूरला गाडी लागली तेव्हा चारला अठरा मिनिटं कमी होती. रिक्षावाला एमआयडीसी ऐकून कुरकुर करायला लागला. "अरे भाई, माणसं मरतील, चल," श्रीमंत ओरडला तसा त्यानं दांडा ओढला. वाटेत सुताच्या गाठी लादलेली बैलगाडी आडवी आली, सुटलेल्या पाळीच्या कामगारांच्या सायकली आल्या. दानम्मा दर वळणावर दुकानांकडं बघत होती, कुठं पंखा फिरतोय का, कुठं बल्ब लागलाय का. सगळीकडं अंधारलेली दुकानं. अजून नाही. अजून नाही. एमआयडीसीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवरचा रेडिओ बंद होता. अजून नाही.

कारखान्याचं फाटक दिसलं. फाटकावर भर दुपारी एक बल्ब जळत होता.

वीज आली होती.

रिक्षा थांबायच्या आधीच ती उतरली. फाटकापासून कियरखातं दोनशे पावलांवर. शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट आत्ताच सुरू झाला होता, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. एक मिनिट? दीड? पायात साडी अडकली, ती गुडघ्यावर आपटली, उठली. कियरखात्याच्या दारातून तिला आधी दिवेच दिसले. चार कियर, चार हिरवे दिवे. एखाद्या सणाला लावावेत तसे.

तीन नंबरच्या फलाटावर महादेवप्पा उभा होता. लांब पाना त्यानं बोल्टला लावलेला, अंगाचा भार टाकून तो फिरवत होता. चार बोल्ट आधीच उलटे पडले होते.

तिला मराठी सुचलं नाही. नको, उघडू नका, हे आईशी बोलायच्या कानडीत तोंडातून बाहेर आलं.

"ब्याड! मामा, तेगीब्याड! तेगीब्याडरी!"

मागांच्या आवाजात तिचं बोलणं कुणाला ऐकू गेलं असतं असं नाही. पण महादेवप्पानं कानडी ऐकून मान वळवली. त्याच क्षणी झाकणाच्या कडेतून सुरीसारखी पांढरी रेघ सुटली आणि त्याच्या डाव्या हातावरून गेली. तो किंचाळला. पाना खाली पडला. तो फलाटावरून मागच्या मागं उडी टाकून पडला, आणि खालच्या माणसांनी त्याला ओढलं.

मग दिवे बदलले. दोन आणि तीन लाल झाले. दोन मिनिटं पुरी झाली होती.

झाकण चार बोल्टांवर थरथरत होतं. सुटणाऱ्या वाफेची शिट्टी आता गाईच्या हंबरण्यासारखी झाली होती. वाफ सोडायच्या झडपेचं बटण भिंतीवर होतं, पण तिथं पोचायचं तर तीन नंबरच्या कडेनंच जायला लागत होतं. माणसं दाराकडं पळत होती. दानम्मानं एक पाऊल पुढं टाकलं आणि तिचे पाय तिथंच थांबले. तिला खरंच वाटलं, आपण जाऊ शकत नाही. याची शरम तिला पुढं कितीतरी दिवस पुरली.

श्रीमंतनं दारातलं ओलं पोतं उचललं, डोक्यावरून घेतलं, आणि भिंतीला अंग घासत आत शिरला. वाफेत तो दिसेनासा झाला. सगळे बघत राहिले. मग छपरावरच्या नळकांड्यातून प्रचंड आवाज करत वाफ बाहेर पडायला लागली. तो भिंतीला धरून धरून परत आला. त्याचा एक कान आणि मान लालभडक झाली होती.

दहा मिनिटं कुणी आत गेलं नाही. महादेवप्पाच्या हातावर बायकांनी पाण्याची बादली उपडी केली, पुन्हा पुन्हा करत राहिल्या. "अक्का," तो दात आवळून म्हणाला, "दिवा हिरवा होता की गं. मी बघितलं. हिरवाच होता."

"होता मामा," दानम्मा म्हणाली. "तुमची चूक नाही. माझी आहे."

घोळक्याच्या मागं मुक्ताबाई उभी होती. डोक्यावरच्या ओल्या लडी तिनं खाली टाकलेल्या. तिचे डोळे महादेवप्पावर नव्हते, श्रीमंतवर होते. श्रीमंत उठला, तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. कार्ड, शून्य, हिरवा दिवा, चौकशी, अकरा शब्द. तेवढ्यात मॅनेजरसाहेब धावत आले. "काय चाललंय हे? तुम्हाला आत कुणी सोडलं?" ते श्रीमंतला म्हणाले. कुणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मुक्ताबाईला कार्ड कळलं नसेल, शून्यही कळलं नसेल. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी आमचे ते खोटं बोलत न्हवते?"

"नाही बाई."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "दोन दिस सांगत हुते मला. मुक्ते, दिवा हिरवा हुता. मी म्हनलं, आवं आता तरी खरं बोला, देवाच्या दारी चाललाय." तिनं पदरात तोंड घातलं. "म्या बी न्हाय ऐकलं त्यांचं."

दानम्मा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. बोलायचा आपल्याला हक्क आहे असं तिला वाटत नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिनं यंत्र बंद करून चौथ्या कियरच्या आज्ञा काढल्या आणि ते अकरा शब्द जागच्या जागी बसवले. टेप तीनदा चुकीची पंच झाली, चौथ्यांदा बरोबर आली. मॅनेजरसाहेब दारात येऊन उभे राहिले. मालक शनिवारी येणारेत, चौथा दिवा का बंद केला, असं त्यांनी विचारलं. दानम्मा म्हणाली, "साहेब, दुपारी फोनवर तुम्हाला किती ऐकू गेलं?"

"काही नाही. नुसती खरखर."

ते लगेच म्हणाले, जरा जास्तच लगेच. खरं की खोटं हे दानम्माला आजतागायत कळलं नाही. त्यांचा चेहरा मात्र तिला अजून आठवतो.

शुक्रवारी तिनं आणि श्रीमंतनं मिळून कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत अर्ज दिला. त्याला जे ठाऊक होतं ते त्यानं लिहिलं, तिनं जे केलं ते तिनं लिहिलं. अर्ज देऊन बाहेर पडताना तिला वाटलं, आता नोकरी गेली, कदाचित पोलीसही येतील. आई म्हणाली, सगळं खरं लिहिलंस ना, मग जेव. तिला जेवण गेलं नाही. चार महिने चौकशी चालली. तिला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. मॅनेजरसाहेब निघून गेले, कुठं ते कुणी विचारलं नाही. महादेवप्पाचा हात बरा झाला, पण त्याची दोन बोटं वळायची थांबली. कियरच्या काट्यांच्या काचा बदलल्या, आणि काटा आणि दिवा दोन्ही बघितल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही असा नियम झाला. तरी कितीतरी महिने वीज आली की दानम्मा हातातलं काम टाकून कियरखात्यात जाऊन उभी राहायची, आणि दोन मिनिटं मनात मोजायची.

निकालाचा कागद जुलैत आला. मुक्ताबाईला वाचता येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी आली; आत यायची तिला कधी सवय नव्हती, म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबली. दानम्मा बाहेर गेली आणि तिच्याशेजारी पायरीवर बसली. कागद कचेरीच्या भाषेत होता, लांबलचक, कलमांनी भरलेला. दानम्मानं त्यातली ती ओळ शोधून काढली आणि वाचली. दिनांक एकोणीस ऑगस्टच्या अपघातात मयत कामगार येडू याची कोणतीही चूक नव्हती.

मुक्ताबाई ऐकत होती. तिचे ओठ हलत होते.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली.

दानम्मानं पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

"त्यांचं नाव हाय न्हवं त्यात?"

"आहे."

"कुटं?"

दानम्मानं तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं. कॉस्टिकनं सोललेलं, खरबरीत बोट. मुक्ताबाईनं ते बराच वेळ तिथून हलवलं नाही.